दामाजीचा ठिपका

माझी नणंद सुमती हिला लहानपणापासून एक खोड आहे. कुणाचंही नाव कानावर पडलं की त्याचं मूळ गाव, आजोळ, सासुरवाडी सगळं विचारून घेतल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली तेव्हा ह्या खोडीला जरा आळा होता. निवृत्त झाली आणि रान मोकळं मिळालं. निवृत्तीनंतर बायका योगवर्गाला जातात, सहलीला जातात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. हिने डोंबिवलीतच पौरोहित्याचा वर्ग लावला, दोन वर्षांत परीक्षा दिल्या आणि लोकांच्या घरी पूजा सांगायला लागली. मी म्हटलं, बरोबर आहे, आता लोक स्वतःहून हिला गोत्र सांगतील, विचारायचे कष्टसुद्धा नकोत.

मी त्याच इमारतीत, तिच्या खालच्या मजल्यावर राहते. मंत्र मला चार ओळींच्या पुढे येत नाहीत. पण पळी-पंचपात्र घासून पिशवीत भरणं, दर्भ मोजून घेणं, यजमानीणबाईंना भात सैल झालाय हे न दुखावता सांगणं, ही खाती माझी. त्यामुळे पुढे जे घडलं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सुमतीकडे श्राद्धाची कामं जास्त येतात. श्राद्धाला पूर्वजांची नावं घ्यावी लागतात आणि ती नावं आजकाल घरात कुणाला येत नाहीत, ती भटजींच्या वहीत असतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग काका, आत्या, मामा, मावशा. आणि अगदी शेवटी आप्त, म्हणजे नात्यात कुठेच बसत नाहीत पण घराने आपली मानली अशी माणसं. प्रत्येक नावासोबत गोत्र. जुन्या भटजींच्या वह्या तेलकट होऊन फाटतात. सुमतीने सगळ्या याद्या मोबाईलमध्ये उतरवल्या होत्या. एकशे चाळीस घरं. नवीन घर आलं की कुठल्यातरी जुन्या घराची यादी कॉपी करायची, नावं खोडायची, नवी घालायची, अशी तिची पद्धत. रकाने आयते मिळतात म्हणे.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने, नीलने, त्या याद्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"आई, अगं हा तर भंगाराचा ढीग झालाय. एक नाव शोधायचं तर सगळं चाळत बसणार का तू?"

त्याने तिला दुसरं अॅप घालून दिलं. त्यात आडनावासकट नावाच्या आणि गोत्राच्या मागेपुढे दोन-दोन चौकोनी कंस टाकायचे. मग ते नाव जिथे जिथे येईल त्या सगळ्या याद्या आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. एक बटण दाबलं की चित्र दिसतं. प्रत्येक यादी म्हणजे एक ठिपका, प्रत्येक नाव म्हणजे एक ठिपका आणि त्यांच्यामध्ये बारीक रेघा. ज्या ठिपक्याला जास्त रेघा, तो मोठा.

"उपयोग काय ह्याचा?" मी विचारलं.

"मामी, तो बघणाऱ्यावर आहे," नील म्हणाला. हल्लीच्या पोरांना सरळ उत्तर द्यायला काय होतं, देव जाणे.

आषाढात चातुर्मास लागला तशी सुमती कंस टाकायला बसली. दुपारी मी वर गेले की ही जेवणाच्या टेबलाशी चष्मा नाकावर घेऊन बसलेली, बोटाने टुकटुक चाललेली. मी तिला म्हटलंही, लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, तू डोळे सोड.

ह्या सगळ्यात सर्वपित्री अमावस्या आली. त्या दिवशी आमचं शेवटचं घर कोपरीचं, भाऊंचं. भाऊ एक्क्याऐंशी वर्षांचे. नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेले, अजूनही शर्टाच्या खिशात पेन्सिल टोक काढून ठेवणारे. एकुलते एक, मूलबाळ नाही, बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. तरी दर वर्षी साग्रसंगीत श्राद्ध. यादीही अशी नेटकी की वाचताना सुमतीची जीभ अडत नाही.

पिंड विसर्जनाला काढले, मी भांडी आवरायला घेतली आणि भाऊ म्हणाले, "सुमतीबाई, एक काम आहे. माणसाला स्वतःचं श्राद्ध जिवंतपणी करता येतं, असं मी वाचलंय. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला."

"येतं," सुमती म्हणाली.

"माझं करा. पुढच्या वर्षी यादी वाचून घ्यायला मी असेन-नसेन. नाव घेणारं कुणी नाही. यादी माझ्यापाशी संपते ना, मग बंदही मीच करतो. उगाच उघडी कशाला टाकायची?"

अगदी गॅसचं कनेक्शन बंद करायला सांगावं तसं सांगितलं त्यांनी. सुमतीने पंचांग काढलं, कोजागिरीनंतरची वद्य पंचमी सांगितली, तीही कोरड्या आवाजात. मधे अठरा-एकोणीस दिवस होते. परत येताना डोंबिवलीपर्यंत तिने शेजारी बसलेल्या बाईला मूळ गावसुद्धा विचारलं नाही. सुमती गप्प म्हणजे काहीतरी बिनसलं समजायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. "वहिनी, वर ये. चित्र पूर्ण झालं."

मी बघितलं. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे ठिपकेच ठिपके, आणि मधोमध एक भलामोठा. सगळ्या रेघा त्याच्याकडे धावत होत्या.

"हे बघ, वहिनी! सगळी घरं आतून जोडलेली आहेत. मला वाटतच होतं!"

"कोण आहे तो एवढा मोठा?"

तिने बोट टेकवलं. काश्यप.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र लावायचं, असा आमच्यात प्रघात आहे. कुणाच्या मावशीच्या सासरचं गोत्र ठाऊक नाही, म्हणा काश्यप. शेजारच्या काकांचं ठाऊक नाही, म्हणा काश्यप. म्हणजे तो मधला सूर्य होता तो कुणा महापुरुषाचा नव्हता, आमच्या यजमानांच्या अज्ञानाचा होता.

"झालं तुझं संशोधन?" मी म्हटलं. "अडीच महिने डोळे फोडून काय निघालं, तर लोकांना गोत्र माहीत नाही."

सुमतीला राग आला. रागाच्या भरात तिने नीलला फोन लावला. तो कामात होता, तरी त्याने सांगितलं, "अगं आई, तो ठिपका लपव ना फक्त. मोठे ठिपके असेच त्रास देतात. लपव आणि मग बघ काय उरतं."

तिने काश्यप लपवला, मागोमाग बाकीची गोत्रंही. चित्र एकदम सुटं झालं. एकशे चाळीस घरांची एकशे चाळीस बेटं, प्रत्येक आपापल्या पूर्वजांना कवटाळून बसलेलं. काही बेटांमध्ये रेघा होत्या, पण ती सख्खी-चुलत घरं आम्हाला माहीतच होती. मला ते पाहून जरा वाईटच वाटलं. एकाच शहरात राहतो, एकाच भाजीवाल्याकडे घेवडा निवडतो, आणि चित्रात पाहावं तर प्रत्येकाचं बेट वेगळं.

"ही रेघ कसली?" सुमती म्हणाली.

भाऊंच्या बेटातून एक बारीक रेघ निघाली होती. ती एका लहानशा ठिपक्यापर्यंत गेली होती, आणि त्या ठिपक्यातून दुसरी रेघ कल्याणच्या एका बेटाला लागली होती. ते बेट मैथिलीचं. कल्याणला पारनाक्यावर राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई. तिचा सख्खा भाऊ परदेशात, म्हणून वडिलांचं श्राद्ध ती स्वतः करते. तिच्याकडे आम्ही त्याच्या आदल्याच वर्षीपासून जायला लागलो होतो. तिचं आडनाव वेगळं, गोत्र वेगळं, भाऊंशी कुठूनही संबंध नाही. मधल्या ठिपक्यावर नाव होतं, दामाजी.

दामाजी मला आठवत होता. भाऊंच्या यादीत अगदी शेवटी, आप्तांमध्ये. भाऊंनी एकदा सांगितलं होतं. त्यांचे वडील दहा वर्षांचे असताना खाडीत होडी उलटली, ते बुडत होते, चेंदणीच्या दामाजी कोळ्याने त्यांना वर काढलं. तेव्हापासून घरच्या पितरांच्या रांगेत एक पिंड दामाजीचा. त्याचं गोत्र कोण विचारणार, म्हणून काश्यप.

"मग कल्याणला हा कसा पोचला?" मी विचारलं.

सुमतीचा चेहरा उतरला. "वहिनी, मी मैथिलीची यादी करताना भाऊंचीच कॉपी केलेली. त्यांची सगळ्यात नीट आहे म्हणून. नावं खोडत गेले, आणि शेवटचं खोडायचं राहिलं असणार."

"म्हणजे दोन वर्षं मैथिलीच्या घरी..."

"दुसऱ्याच्या आप्ताला पिंड दिला मी. तिच्या वडिलांच्या पानाशेजारी."

बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण सुमतीच्या धंद्यात ह्याहून मोठी चूक नाही. यजमान आपल्या मेलेल्या माणसांची नावं विश्वासाने आपल्या हवाली करतात. तिने दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. मी म्हटलं, गुपचूप खोडून टाक, कुणाला कळतंय. तर माझ्यावरच डाफरली. शनिवारी तिने मला कल्याणला नेलं, चूक कबूल करायला.

मैथिलीने दार उघडलं, पाणी दिलं, आणि सुमतीने पेला हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. कॉपी केलेली यादी, न खोडलेलं नाव, माफी, दक्षिणा परत, सगळं एका दमात.

मैथिली म्हणाली, "कोणतं नाव?"

"दामाजी."

"अहो, दामाजी आमचाच आहे की!"

सुमतीने पेला खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"मीच तुम्हाला सांगितलेला तो, फोनवर," मैथिली म्हणाली. "बाबांच्या वहीतून वाचून. एवढ्या घरांच्या गडबडीत विसरला असाल तुम्ही. बाबा कधी चुकवायचे नाहीत तो पिंड. त्यांच्या आईला खाडीतून वाचवलं होतं त्याने. थांबा, वही दाखवते."

ती वही आणेपर्यंत सुमती खुर्चीच्या टोकाला आली होती. वही मैथिलीच्या वडिलांच्या हातची, शाईची, पानं पिवळी पडलेली. त्यांच्या आईचं नाव सत्यभामा. समासात बारीक अक्षरात एक ओळ होती. 'दामाजी. आईला आणि दादामामाला एका होडीतून वर काढले. एका हाताने एक, दुसऱ्या हाताने एक.'

"आजी बालविधवा होती," मैथिली सांगायला लागली. "माझे आजोबा इथे कल्याणला शाळामास्तर. त्यांनी तिच्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. मेली म्हणून जाहीर केलं. ती कुठल्या घरची, हे बाबांनी विचारलं तर डोळे पुसायची, पण घर सांगायची नाही. म्हणायची, तिकडे त्रास नको. फक्त वडील, आजोबा, पणजोबांची नावं सांगितली, श्राद्धापुरती."

"कोणती?" सुमतीने विचारलं.

मैथिलीने पान उलटलं. "त्रिंबक, सखाराम, बाळंभट."

मला चार ओळींपुढे मंत्र येत नाहीत, पण ही तीन नावं मला पाठ होती. पाच वर्षं दर सर्वपित्रीला कोपरीत ऐकत होते. भाऊंचे आजोबा, पणजोबा, आणि भाऊ आग्रहाने घ्यायला लावत ते खापरपणजोबाही. मैथिली स्वतःच्या यादीत आजीच्या माहेरची नावं घेत नव्हती, म्हणून ती मोबाईलमध्ये कधी आलीच नव्हती. आला होता तो एकटा दामाजी.

मला वाटलं सुमती आता ओरडून सांगणार. पण तिने ओठ घट्ट मिटले. एका यजमानाच्या घरचं दुसऱ्याच्या घरी बोलायचं नाही, हा तिचा नियम मी पहिल्यांदाच एवढ्या कष्टाने पाळला जाताना पाहिला. मग ती म्हणाली, "मैथिली, माझ्या दुसऱ्या एका यजमानांच्या यादीत हाच दामाजी आहे. त्यांना तुमच्याबद्दल सांगू का? तुम्ही हो म्हणालात तर."

मैथिलीने वहीवरून हात फिरवला. "बाबांना शेवटपर्यंत एकच उत्सुकता होती," ती म्हणाली. "आपल्याला मामाचं घर होतं ना, ते कुठे असेल? सांगा. जरूर सांगा."

आम्ही लगेच कोपरीला गेलो असतो, पण भाऊंना ताप होता. अखेर चतुर्थीला, म्हणजे त्यांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी गेलो. भाऊंनी सामान आणून ठेवलं होतं. तांदूळ, तीळ, दर्भ, सगळ्यावर पेन्सिलीने चिठ्ठ्या. सुमतीने सगळं सांगितलं आणि मोबाईल पुढे केला.

भाऊंनी चष्मा बदलून चित्र न्याहाळलं. "ह्यात उत्तर दिशा कुठे?"

"दिशा नाहीये ह्यात, भाऊ."

"प्रमाण?"

"प्रमाणही नाही. कोण कुणाशी जोडलंय, एवढंच दिसतं."

"मग हा नकाशा नव्हे," भाऊंनी मोबाईल परत दिला. "माझ्या वडिलांना बहीण नव्हती. यादीत बघा. आत्या, ह्या शब्दापुढे 'नाही' लिहिलंय. कागदावर, वडिलांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं आहे. होडीत ते एकटे होते."

"पण ती तीन नावं, भाऊ..."

"त्रिंबक नि सखाराम गावोगावी असतील. योगायोग आहे. तुम्ही उद्या दहाला या. तयारी झालीय."

मला त्यांचा संताप आला. एवढं माणूस दारात आणून उभं केलं तर हे दिशा विचारतात! जिना उतरताना मी तसं बोललेही. सुमती म्हणाली, "ऐंशी वर्षं एक गोष्ट खरी मानून जगलेत, वहिनी. माझ्या एका ठिपक्यासाठी ती का सोडतील?" तिने मैथिलीला फोन करून खरं ते सांगितलं. मैथिली म्हणाली, मी तरी येते, नको म्हणाले तर खालूनच परत जाईन.

पंचमीला दहाला आम्ही पोचलो. मैथिली जिन्यात, एक मजला खाली थांबली. भाऊंनी दार उघडलं. सोवळं नेसले नव्हते, कालचाच शर्ट अंगात होता. ते खुर्चीत बसले आणि आम्हाला बसा म्हणायचंही विसरले.

"बाबा भाऊबीजेला दुपारी घरी नसायचे," ते म्हणाले. "दर वर्षी. आई सांगायची, ह्यांना बहीण नाही, घरात बसून वाईट वाटतं म्हणून फिरायला जातात. संध्याकाळी यायचे. कपाळ स्वच्छ धुतलेलं असायचं. मी आठ वर्षांचा असेन. ते खाली वाकले तर त्यांच्या भुवईत मला तांदळाचा दाणा दिसला. कुंकवात भिजलेला. मी विचारलं, बाबा, हे काय? तर त्यांनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकच. मी त्र्याहत्तर वर्षं विचार करतोय, मी असं काय वाईट विचारलं होतं."

मग सुमती उठली, दारात गेली आणि हाक मारली. "मैथिली, या वर."

मैथिली आत आली, चपला बाहेर काढून तिथेच थबकली. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मी दोघांच्या चेहऱ्यात साम्य शोधत होते, खरं सांगते, मला काही सापडलं नाही. भाऊंनी विचारलं, "तू माझ्या आतेभावाची मुलगी. म्हणजे मला काय म्हणशील?"

"काका," मैथिली म्हणाली. मग जरा थांबून, "भाऊकाका."

भाऊंना रडू आलं. म्हातारी माणसं रडताना चेहरा झाकतात, त्यांनी तेही केलं नाही. मी स्वयंपाकघरात भात टाकायला गेले आणि तिथे माझंही जे व्हायचं ते झालं.

भात झाला. सुमतीने पिंड वळायला घेतले तसे भाऊ म्हणाले, "ह्यातला एक माझ्या नावाचा होता ना?"

"हो."

"तो तिला द्या. माझ्या आत्याला. माझं राहू दे."

शास्त्रात बसतं की नाही, कोण जाणे. सुमतीने पोथी उघडली, दोन पानं चाळली आणि मिटून बाजूला ठेवली. आत्याच्या रकान्यातलं 'नाही' तिने भाऊंच्याच पेन्सिलीने त्यांच्याकडून खोडून घेतलं. पुढे सत्यभामा लिहायचं, तर भाऊंचा हात थांबला.

"हे सासरचं नाव. माहेरचं काय होतं? बाबा तिला काय हाक मारत असतील?"

मैथिलीने मान हलवली. लग्नात मुलीचं नाव बदलतात, आणि हिचं तर दोनदा बदललं असणार. पहिलं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमतीने मोबाईलमध्ये एक नवा ठिपका केला आणि त्याला नुसतं प्रश्नचिन्ह दिलं. शेवटी दामाजीचा पिंड आला. तो भाऊंनी आणि मैथिलीने दोघांनी मिळून ठेवला. ह्या भावाबहिणींनी एकमेकांची नावंसुद्धा यादीतून गाळली होती, पण दामाजीला दोन्ही घरांनी एक वर्षही चुकवलं नव्हतं.

निघताना भाऊंनी मैथिलीला दारात विचारलं, अगदी सरळ. "पुढेमागे माझं नाव घेशील?"

"घेईन," ती म्हणाली. "पण घाई नाही हं मला."

सुमतीला मी वाटेत म्हटलं, तुझ्या कंसांना मी पुन्हा नावं ठेवणार नाही. ती म्हणाली, ठेव गं, तुला त्याशिवाय करमायचं नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला दुपारी आम्ही जेवायला बसतच होतो, माझा नवरा पाटावर, सुमतीच्या हातात निरांजन, एवढ्यात तिचा मोबाईल वाजला. भाऊंचा फोन. तिने निरांजन माझ्या हातात दिलं आणि मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्याने बोलता केला.

"सुमतीबाई, लिहून घ्या. चिमी."

"काय?"

"तिचं नाव. चिमी. मी चेंदणी कोळीवाड्यात आलोय, दामाजीच्या घरी. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं, आणि मी जन्मात कधी आलो नव्हतो. त्याची नातसून आहे, मनुबाई, पंच्याऐंशीच्या. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. म्हणतात, तुजा बाप नं चिमी दर भाऊबीजंला आमचे ओटीवर यायची. ती कल्यानशी यायची. ती ओवालायची आनि तो रडायचा. मंग दोघा आमचे घरा च्या पिऊन आपापले वाटंनं जायची."

सुमतीने डाव्या हाताने डोळे पुसले आणि उजव्या हाताने प्रश्नचिन्ह खोडून चिमी लिहिलं.

"भाऊ, तुम्ही आता कुठे आहात?"

"त्याच ओटीवर बसलोय," भाऊ म्हणाले. "मनुबाई चहा करतायत. त्यांना खूप आठवतंय हो. अजून काय काय विचारू, पटपट सांगा. मी वही घेऊन आलोय."